शांततेची उधारी

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावी मी तीन वर्षे शाखाधिकारी होतो. गोष्ट १९९५ ची. जिल्हा सैनिकांचा, त्यामुळे पेन्शनच्या दिवशी शाखेत जत्रा भरे आणि सुटीवर आलेला एखादा तरी फौजी रोज काउंटरपाशी उभा दिसे. त्यातलाच एक नायक, सैन्यात ड्रायव्हर, सोमालियातून वर्ष काढून परतलेला. विहिरीवर इंजिन बसवण्यासाठी त्याला कर्ज हवे होते. कागदपत्रे पुढे ठेवता ठेवता त्याने पासबुकातून घडी घातलेल्या चार-पाच डॉलरच्या नोटा काढल्या आणि त्या खात्यात भरता येतील का, म्हणून विचारले. आमच्या शाखेला परकीय चलन हाताळण्याची मुभा नव्हती. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाखेत जायला सांगितले. जाता जाता तो म्हणाला, "साहेब, तिकडे आमची गाडी पांढरी रंगवली, डोक्यावर निळी टोपी घातली. पगार मात्र आपल्याच सरकारचा. मग त्या गाडीचं भाडं कुणी दिलं असंल?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. बँकेतल्या माणसाला उत्तर ठाऊक नसले की तो समोरचा फॉर्म भरू लागतो. मीही तेच केले.

तो प्रश्न पुन्हा आठवला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले, की पैशाअभावी नऊ मोहिमांमधले सुमारे पाव सैनिक आणि पोलिस, म्हणजे १३ ते १४ हजार माणसे, परत पाठवावी लागतील. कुठे शांतता प्रस्थापित झाली, म्हणून नव्हे. तिजोरीत खडखडाट झाला म्हणून. त्यानंतर आठवडाभरातच शांतिसेनेला सैन्य देणाऱ्या तीसेक देशांच्या सेनाप्रमुखांची आणि प्रतिनिधींची परिषद दिल्लीत भरली. भाषणे झाली, छायाचित्रे छापून आली. पैशाचा हिशेब मात्र आपल्याकडे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पानांवर क्वचितच येतो. तो समजायला अवघड आहे असे मुळीच नाही.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. सुरक्षा परिषद ठराव करते, मग देशोदेशींकडे माणसे मागितली जातात. जो देश तुकडी पाठवतो, तो आपल्या सैनिकांचा पगार आपल्याच नियमांनी देत राहतो. त्याची भरपाई म्हणून संघ त्या देशाच्या सरकारला दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतो. २०२२ मध्ये हा दर १,४४८ डॉलर झाला. आपल्या पैशात सव्वा लाखाच्या आसपास. ही रक्कम सैनिकाच्या हातात पडत नाही, सरकारकडे जाते. सैनिकाला संघाकडून थेट मिळतो तो किरकोळ खर्चाचा रोजचा भत्ता, आणि तो आहे १ डॉलर २८ सेंट. सातारच्या त्या नायकाच्या पासबुकातल्या नोटा कुठून आल्या असतील, ते मला हा आकडा वाचल्यावर कळले.

सैनिकामागचा दर सर्व देशांना सारखा आहे. १९७० च्या दशकापर्यंत तसे नव्हते. ज्या देशाचा जसा खर्च, तशी भरपाई होती. एकाच नाक्यावर उभ्या असलेल्या दोन जवानांपैकी श्रीमंत देशातल्या जवानाची किंमत जास्त, गरीब देशातल्या जवानाची कमी. १९७४ मध्ये समान दर आला तो हा भेद मिटवण्यासाठी. मृत्यूच्या भरपाईत तर भेद आणखी वीस-बावीस वर्षे टिकला. मेलेल्या सैनिकाच्या घरच्यांना किती द्यायचे, हे त्याच्या देशाच्या कायद्यावर ठरे. १९९७ मध्ये सर्वांसाठी ५० हजार डॉलर अशी एकच रक्कम ठरली आणि पुढे ती ७० हजार झाली. म्हणजे सगळ्यांचे मरण एका मापाने मोजायला जगाला पहिल्या सशस्त्र शांतिसेनेनंतर चाळीस वर्षे लागली.

समान दराची दुसरी बाजूही आहे. युरोपातल्या एखाद्या देशाला १,४४८ डॉलरमध्ये सैनिकाचा निम्मा पगारही भागवता येत नाही. बांगलादेश, नेपाळ, रवांडा यांसारख्या देशांना त्यातून पगार जाऊन चार पैसे उरू शकतात. नेपाळच्या सेनेने तर शांतिसेनेतल्या कमाईतून सैनिकांच्या कुटुंबांसाठी कल्याण निधी उभा केला आहे. त्यामुळे 'गरीब देश पैशासाठी पोरे पाठवतात' असे कुजबुजत बोलले जाते. भारताबद्दलही बोलले जाते. जुनी सवय म्हणून मी कागदावर मांडून पाहिले. भारताची माणसे गेली काही वर्षे पाच हजारांच्या वर आहेत. पाच हजार धरले, तर वर्षाला ८ कोटी ६९ लाख डॉलर, म्हणजे साडेसातशे कोटी रुपयांच्या घरात. २०२५-२६ चे आपले संरक्षण खात्याचे अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचे. हजार रुपयांत जेमतेम एक रुपया! गाड्यांचे भाडे वेगळे मिळते, पण त्यामागे झीज आणि दुरुस्तीही आहे. एवढ्यासाठी कोणी काँगोच्या जंगलात पलटण पाठवत नाही. छोट्या देशांचे गणित वेगळे असेल, पण त्यांना नावे ठेवण्याआधी ती कमाई त्यांना वेळेवर मिळते का, हे तरी बघावे.

आता त्या गाडीच्या भाड्याकडे वळू. कारण माणसांच्या हिशेबापेक्षा सामानाचा हिशेब जास्त गमतीचा आहे.

पूर्वी तुकडीने नेलेल्या एकेका वस्तूची जाताना आणि येताना मोजदाद व्हायची. किती नेले, किती आणले, काय मोडले, काय झिजले. वर्षानुवर्षे या याद्यांवर वाद चालत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत मोडीत काढून भाडेपट्टा आणला गेला. त्याचे दोन प्रकार, 'वेट लीज' आणि 'ड्राय लीज'. आपल्याकडे लग्नाला जीप ठरवताना जे बोलणे होते, साधारण तेच. नुसती गाडी देणार, की बिघाड झाला तर मेकॅनिक आणि सुटे भागही तुमचेच? पहिला प्रकार ड्राय, दुसरा वेट. बहुतेक देश दुसरा प्रकार घेतात, कारण दर बरा मिळतो. दर तीन वर्षांनी तज्ज्ञांची बैठक बसते आणि रणगाडा, जनरेटर, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका यांचे महिन्याचे दर ठरवते. गाडी पांढरी रंगवण्याचा आणि परत आणल्यावर मूळ रंग देण्याचा खर्चही त्यात धरलेला असतो! स्वयंपाक, धुलाई, साफसफाई, तंबू, बिछाने, करमणूक अशा प्रत्येक सदराचा दर माणशी दरमहा ठरलेला. रस्ता खडबडीत असेल, हवा फार उष्ण असेल, गोळीबाराची भीती असेल, तर त्या त्या मोहिमेपुरती टक्केवारी वाढते. आमच्या कर्ज विभागातही एवढे बारकावे नव्हते.

पण हे बारकावे दोन्ही बाजूंनी चालतात. राष्ट्रसंघाचे निरीक्षक तळावर येऊन गाड्या मोजतात, चालू करून बघतात. जी गाडी चालत नाही, तिचे भाडे नाही. २०१३ मध्ये महासभेने त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. करारात कबूल केलेली मोठी सामग्री हजर नसेल वा नादुरुस्त असेल, तर सैनिकांमागच्या भरपाईतही त्या प्रमाणात कपात. नियम म्हणून याला चूक म्हणता येणार नाही. बिघडलेल्या चिलखती गाडीमुळे गस्त बंद पडते, गस्त बंद पडली की जवळच्या गावात माणसे मारली जातात. प्रश्न इतकाच, की विलंबाची ही शिक्षा घेणाऱ्यालाच का? पैसे उशिरा देणाऱ्याला का नाही?

पैसे द्यायचे कोणी, हा या संस्थेतला सगळ्यात जुना तंटा आहे. १९५६ मध्ये सुएझच्या युद्धानंतर सिनाई आणि गाझात पहिली सशस्त्र शांतिसेना उतरली. भारताची पलटण तिच्यात होती. १९६० मध्ये काँगो पेटला आणि तिथे तर भारताने पूर्ण ब्रिगेड धाडली. या दोन मोहिमांचा खर्च वाढत गेला तशी सोव्हिएत रशियाने दोन्हींची आणि फ्रान्सने काँगोची वर्गणी द्यायला साफ नकार दिला. आम्हाला या मोहिमा मान्य नाहीत, तर पैसे का द्यावेत, असा त्यांचा मुद्दा. ५ डिसेंबर १९६१ ला काँगोतल्या एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळवणारे शांतिसेनेतले ते एकमेव. त्याच डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये महासभेने २० कोटी डॉलरचे रोखे विकायला मंजुरी दिली. व्याज २ टक्के, मुदत २५ वर्षे. शांततेसाठी कर्जरोखे! ज्यांनी सरळ वर्गणी द्यायची, त्यांनी ती न दिल्यामुळे संस्थेला उसने काढावे लागले.

प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २० जुलै १९६२ ला न्यायालयाने नऊ विरुद्ध पाच मतांनी मत दिले, की हा खर्च संघटनेचाच आहे. घटनेच्या १७ व्या कलमानुसार तो सर्व सदस्यांनी वाटून घ्यायचा. १९ वे कलम तर सांगते, की दोन वर्षांइतकी थकबाकी झाली की महासभेतले मत गेले. आता रशियाचे मत काढून घ्यायचे का, यावर १९६४ चे सगळे अधिवेशन कोणतेही नियमित मतदान न घेता पार पडले. मतदान झाले असते तर प्रश्न सोडवावा लागला असता! अखेर ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेने माघार घेतली. मात्र माघार घेताना तिच्या प्रतिनिधीने, आर्थर गोल्डबर्ग यांनी, सभागृहाला बजावले की इतर देश जर असे पैसे नाकारू शकत असतील, तर भक्कम कारण असेल तेव्हा अमेरिकाही तोच हक्क राखून ठेवते आहे. ज्या कर्जदारावर पहिली कारवाई व्हायची होती, त्याला सोडून दिले. मग सगळ्यांत मोठ्या कर्जदाराने त्याच दिवशी आपले नाव यादीत घातले. शाखाधिकारी म्हणून मला हे दृश्य फार ओळखीचे वाटते.

तो हक्क पुढे वापरला गेलाच. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, की शांतिसेनेच्या खर्चाचा २५ टक्क्यांहून जास्त वाटा आपण देणार नाही. महासभेच्या सूत्रानुसार तिचा वाटा त्याहून वरच राहिला. मधली तफावत थकबाकीत जमा होत जाते. २०२५ ते २०२७ साठी अमेरिकेचा वाटा २६ टक्क्यांच्या वर आणि चीनचा २४ टक्क्यांच्या जवळ आहे. म्हणजे निम्मा खर्च दोघांकडून यायचा. त्यातले अमेरिकेचे येणे २०२५ मध्ये दोन अब्ज डॉलरच्या वर गेले होते. चीन पैसे देतो, पण तोही उशिराने देत असल्याची तक्रार होत आली आहे. भारताची वर्गणी ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे.

मग मधल्या काळात मोहीम कशी चालते? सैनिक तर रोज जेवतात, गाड्या तर रोज फिरतात. इंधन पुरवणारा ठेकेदार उधारीवर थांबत नाही, विमान कंपनी थांबत नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थांबवता येत नाहीत. थांबतो तो सैन्य पाठवणारा देश. भरपाईचे हप्ते तिमाहीने द्यायचे असतात, पण खात्यात पैसे नसले की हप्ता पुढे ढकलला जातो. मार्च २०१९ मध्ये संघ भारताला ३ कोटी ८० लाख डॉलर देणे लागत होता. त्या वेळी कोणत्याही देशाचे यापेक्षा जास्त येणे नव्हते. खालोखाल रवांडा, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ. ही यादी पुन्हा एकदा वाचा. जगातल्या श्रीमंतांच्या थकबाकीचा भार कोणी उचलला आहे, ते नावांवरूनच दिसते. महासचिव गुटेरेस यांनी त्या वर्षी कबूलच केले, की संघटना सैन्य देणाऱ्या देशांकडून प्रत्यक्षात दीर्घकाळ उसनवारी करत आहे.

ही उसनवारी बिनव्याजी आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. तीन कोटी ऐंशी लाख डॉलर म्हणजे तेव्हाचे अडीचशे कोटींहून अधिक रुपये. सहा टक्क्यांनी धरले तरी वर्षाचे व्याज पंधरा-सोळा कोटी. विहिरीच्या इंजिनाचा हप्ता तीन महिने चुकला तर आम्ही त्या नायकाला दंडव्याज लावले असते, नोटीस धाडली असती. भारताला आपल्या येण्यावर व्याज मागता येत नाही. तशी तरतूदच नाही.

२०१९ मध्ये महासभेने एक शहाणपणाचा निर्णय मात्र घेतला. तोवर प्रत्येक मोहिमेचे खाते स्वतंत्र होते. एकात शिल्लक पडून असली तरी दुसऱ्याची निकड भागवता येत नसे. चालू मोहिमांच्या रकमा एकत्र वापरायची मुभा तेव्हा मिळाली आणि देणी काहीशी वेळेवर जाऊ लागली. पण एकाच घरातल्या चार डब्यांतले पैसे एकत्र केल्याने घरातले पैसे वाढत नाहीत. बाहेरून येणेच आटले, तर चारही डबे रिकामे होतात. २०२५ मध्ये ते झाले.

उशिराची किंमत रुपया-डॉलरातच मोजायची, असेही नाही. १९९४ च्या एप्रिलात रवांडात कत्तल सुरू झाली, तेव्हा तिथली शांतिसेना वाढवण्याऐवजी कमी करण्यात आली. महिनाभराने, १७ मे रोजी, सुरक्षा परिषदेने साडेपाच हजार सैनिकांची नवी सेना मंजूर केली. त्यांना चिलखती गाड्या हव्या होत्या. अमेरिकेने ५० गाड्या द्यायचे कबूल केले. मग भाडे किती, करार कसा, वाहतुकीचे पैसे कोणाचे, गाड्यांवर रंग कोणता, यावर आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार चालला. गाड्या जूनच्या अखेरीस शेजारच्या युगांडात एन्टेबीला येऊन पडल्या आणि वंशसंहार संपेपर्यंत रवांडात कामाला लागल्या नाहीत. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. भाडेपट्ट्याच्या कलमांवर वाद घालणारे लोक दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः अशा टेबलांवर बसलो आहे. फाइल पूर्ण नसताना रक्कम सोडायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. फाइलच्या पलीकडे कोण उभे आहे, ते फाइलमध्ये लिहिलेले नसते.

भारताने आजवर पन्नासहून अधिक मोहिमांत २ लाख ९० हजारांच्या वर माणसे पाठवली. १८० च्या जवळपास परतली नाहीत. कोरियातल्या युद्धकैद्यांची राखण करायला १९५३ मध्ये जी हिंदी फौज गेली, ती राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली नव्हती. पण पराया मुलुखात तटस्थ राहून उभे राहण्याचा आपला पहिला मोठा धडा तोच. तिचे नेतृत्व कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात करत होते, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला अभिमानाने आठवते. तेव्हापासून दिल्लीतली सरकारे बदलली, पण माणसे पाठवण्यात खंड पडला नाही. सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेसाठी आपण हाच आकडा पुढे करतो. मला यात थोडी अडचण वाटते. जागेची मागणी रास्त आहे, पण मेलेल्या जवानांची संख्या तारण म्हणून ठेवण्याजोगी वस्तू नाही. शिवाय तारण ठेवूनही कर्ज मंजूर होत नाही, हे सत्तर वर्षांत कळायला हवे होते. त्यापेक्षा आपल्या परराष्ट्र खात्याने थकबाकीवर व्याज मागावे, बंद झालेल्या मोहिमांमधली येणी मिटवून घ्यावीत, आणि ठराव लिहिले जातात त्या खोलीत सैन्य देणाऱ्यांना आधी विचारले जावे, असा हट्ट धरावा. राष्ट्रसंघाची घटना सांगते, की सदस्य नसलेल्या देशाचे सैन्य वापरताना परिषदेने त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे. ते ४४ वे कलम कागदावर आहे. हुकूम सोडणारे पंधरा आणि पैसे थकवणारे दोन-चार, यांच्यामध्ये पलटण पाठवणारा देश दाराबाहेरच उभा राहतो.

दक्षिण लेबनॉनमध्ये १९९८ पासून भारताची पलटण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने त्या मोहिमेला शेवटची मुदतवाढ दिली, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यानंतर वर्षभरात सैन्य हलवायचे. तिथल्या आपल्या पांढऱ्या गाड्या मोजल्या जातील, चालू करून बघितल्या जातील, बंदरावर आणून जहाजात चढवल्या जातील आणि मुंबईत की आणखी कुठे उतरल्यावर त्यांना पुन्हा हिरवा रंग दिला जाईल. रंगाचे बिल संघाकडे जाईल. मोहिमेचे खाते तोवर बंद झालेले असेल. अशा बंद खात्यांत पैसे शिल्लक नसले, की देणी वर्षानुवर्षे तशीच पडून राहतात.

त्या नायकाचे कर्ज मी मंजूर केले होते. मुदतीच्या आठ महिने आधी त्याने ते फेडले. शेवटचा हप्ता भरायला आला तेव्हा पासबुकात एक डॉलरची नोट तशीच होती. बदलून घेतली नाहीत का, म्हणून मी विचारले. "राहू द्या साहेब," तो म्हणाला, "पोरांना दाखवायला एक ठेवलीय."